पोट दुखतं, मग जनुकं मेंदूची कशी?

पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं असतं. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठता, मधूनच कळा. सोनोग्राफी होते, रक्त तपासून होतं, दुर्बीण आत जाऊन बाहेर येते. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग डॉक्टर फाईल मिटत म्हणतात, "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका." घरी पोहोचेपर्यंत या वाक्याचं "तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे" असं होऊन जातं.

अशा माणसाच्या फोनवर एक दिवस बातमी येते. पोटाच्या विकारांशी जोडलेली जनुकं म्हणे शास्त्रज्ञांना सापडली, आणि त्यांतली बरीचशी मेंदूत काम करणारी, चिंता आणि नैराश्याशीही नातं असलेली निघाली. वाचणारा गोंधळतो. म्हणजे घरचे म्हणत होते तेच खरं ठरलं की काय? की आता हे रक्तातच आहे म्हणून हात टेकायचे?

दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. ते का, हे कळायला आधी पोटात डोकवावं लागेल, कारण आतडं म्हणजे एक लांबलचक नळी, एवढंच चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात असतं.

## नळीला स्वतःची वायरिंग असते

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत चेतापेशींची जाळी पसरलेली आहेत. चेतापेशी म्हणजे निरोप वाहून नेणारी पेशी. मेंदू, मणक्यातला मज्जारज्जू आणि अंगभर पसरलेल्या नसा मिळून जी मज्जासंस्था होते, ती याच पेशींची. आतड्यातलं एक जाळं स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये असतं आणि नळीने कुठे आवळायचं, कुठे सैल पडायचं ते ठरवतं. दुसरं आतल्या अस्तराजवळ असतं. पाचकरस किती सुटावेत, रक्त किती यावं, हे त्याच्याकडे. माइस्नर आणि आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही जाळी शोधली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. या सगळ्या चेतापेशी मोजायला गेलं तर अंदाज १० कोटींपासून ६० कोटींपर्यंत जातात.

लंडनमध्ये १८९९ साली बेलिस आणि स्टार्लिंग या जोडगोळीने एक प्रयोग केला. कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा त्यांनी तोडल्या आणि आत दाब देऊन पाहिला. दाबाच्या वरचा भाग आवळला, खालचा सैल पडला, आणि आत जे होतं ते पुढे सरकलं. वरून हुकूम येत नसतानाही! पुढे १९१७ मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग यांनी आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून तपासला, तर तोही तसाच हलत राहिला. यातूनच 'आतड्याची मज्जासंस्था' ही कल्पना पक्की झाली. तिला 'दुसरा मेंदू' म्हणायची फॅशन आहे. मला ते नाव फारसं पटत नाही, कारण हे जाळं विचार करत नाही. रोजचा कारभार मुख्यालयाला न विचारता उरकणारं शाखा कार्यालय, एवढंच म्हणावं.

मुख्यालयाशी पत्रव्यवहार मात्र अखंड चालू असतो. त्याचा मोठा भाग व्हेगस नावाच्या नसेतून होतो. ही नस मेंदूच्या तळापासून निघून छातीतून पोटात उतरते आणि तिच्यातले जवळपास ८० टक्के तंतू खालून वर निरोप नेणारे असतात. म्हणजे मेंदू पोटाला जेवढं सांगतो, त्यापेक्षा पोट मेंदूला कितीतरी जास्त सांगत असतं. भीतीने पोटात गोळा येतो हे आपण सहज बोलून जातो. पोट बिघडलं की मन का उदास होतं, यासाठी मात्र भाषेत तेवढा नेमका शब्दप्रयोग नाही.

दोन्ही कार्यालयांची निरोपाची भाषाही बरीचशी एकच आहे. सेरोटोनिन हे रसायन 'मूड'शी जोडलं गेल्यामुळे प्रसिद्ध आहे, पण शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं. अस्तरातल्या काही खास पेशी ते सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या नसा जाग्या होतात. इथे एक गंमत आहे. आतड्यात सेरोटोनिन बनवायला एक जनुक लागतं आणि मेंदूत बनवायला त्याचं भावंड म्हणावं असं दुसरंच, हे २००३ मध्ये समोर आलं. शिवाय आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे 'आनंदाचं रसायन पोटात बनतं, म्हणून पोट खूश तर मन खूश' हा मोबाईलवर फिरणारा हिशेब तितकासा सरळ नाही.

## जनुक एक, कामाच्या जागा अनेक

जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची सूचना. माणसात अशा साधारण २०,००० सूचना आहेत आणि त्यांची पूर्ण प्रत जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. आतड्याची पेशी त्यातली आपल्याला हवी ती पानं उघडते, मेंदूची पेशी आपल्याला हवी ती. काही पानं दोघीही उघडतात.

एखाद्या इमारतीचा विचार करा. सगळ्या खोल्यांची वायर आणि स्विच एकाच गोदामातून आलेत. त्या खेपेत थोडा दोष असेल तर स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकेल आणि झोपायच्या खोलीतला पंखाही अडखळेल. दिव्याने पंखा बिघडवलेला नसतो, पंख्यानेही दिव्याचं काही वाकडं केलेलं नसतं. हे चित्र लक्षात असू द्या, पुढे ते कामाला येणार आहे.

## वाटेत थांबलेल्या पेशींची गोष्ट

एकाच जनुकाने सगळा खेळ बिघडवल्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण एका जन्मजात आजारात दिसतं. बाळ जन्मल्यावर पहिल्या ४८ तासांत काळपट शी व्हायला हवी, ती होत नाही. पोट फुगत जातं, हिरवट उलट्या होऊ लागतात. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये अशा दोन मुलांची हकीकत मांडली आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये बऱ्याच अधिक प्रमाणात.

हिर्शस्प्रुंग यांना मुलांचं मोठं आतडं प्रचंड फुगलेलं दिसलं, आणि दोष त्या फुगलेल्या भागातच असणार असं त्यांनी धरलं. कुणीही तेच धरलं असतं. खरा दोषी त्याच्या खालचा, दिसायला साधासुधा अरुंद तुकडा होता, हे सर्वमान्य व्हायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. त्या तुकड्यात चेतापेशीच नसतात. सैल पडण्याचा निरोप देणारं कुणी नसल्यामुळे तो कायम आवळलेला राहतो, आणि त्याच्या मागे सगळं तुंबून वरचं निरोगी आतडं बिचारं फुगतं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या स्वेन्सन यांनी हा चेतापेशी नसलेला तुकडा काढून वरचं आतडं खाली जोडायची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज केली जाणारी शस्त्रक्रिया याच तत्त्वावर आहे.

पण चेतापेशी तिथे का नसतात? कारण त्या आतड्यात जन्मतच नाहीत. गर्भाच्या पाठीकडे मेंदू आणि मज्जारज्जू घडत असताना त्यांच्या काठावरून काही पेशी सुटून प्रवासाला निघतात. त्यातली एक तुकडी अन्ननलिकेच्या वरच्या टोकाशी आतड्यात शिरते आणि संख्या वाढवत, जाळं विणत खाली सरकत जाते. गर्भाच्या साधारण सातव्या आठवड्यापर्यंत तिने शेवटचं टोक गाठायला हवं. दरम्यान आतडंही लांब होत असतं, म्हणजे रस्ता वाढत असतानाच तो चालायचा.

या पेशींना वाट दाखवतं आतड्याच्या भिंतीतून सुटणारं एक रसायन. ते ओळखण्यासाठी पेशींना अँटेना लागते आणि ती बनवण्याची सूचना 'रेट' नावाच्या जनुकात असते. या आजारात रेटमधले बिघाड सापडले ते १९९४ मध्ये. अँटेना कमजोर असेल तर तुकडी वाटेत रेंगाळते आणि शेवटचा पट्टा कोराच राहतो. आजार घराण्यात चालत आलेला असेल तर निम्म्या कुटुंबांत रेटमध्ये दोष आढळतो. एकट्यादुकट्या रुग्णांत हे प्रमाण बरंच कमी आहे. (याच जनुकात उलट्या दिशेचा बिघाड होऊन अँटेना सतत चालू राहिली, तर थायरॉइडचा एक विशिष्ट कर्करोग होऊ शकतो. जनुकाला चांगलं-वाईट अशी लेबलं लावता येत नाहीत ती यामुळे.)

काही बाळांत या आजारासोबत जन्मतः बहिरेपणा, कपाळावर पांढऱ्या केसांची बट आणि फिकट निळे डोळे आढळतात. पोट, कान आणि केस यांचा काय संबंध, असं वाटेल. पण केसांना आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आणि आतल्या कानाला लागणाऱ्या रंगपेशी त्याच काठावरून प्रवासाला निघतात. माहेर एकच.

## सहा जागा, पाच लाख माणसं

हिर्शस्प्रुंगचा आजार तसा दुर्मिळ. सुरुवातीच्या त्या 'रिपोर्ट नॉर्मल' माणसाला बहुधा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) असतो. पोट दुखणं आणि त्यासोबत शौचाच्या सवयीत बदल, हे महिनोन्‌महिने चालू राहतं, पण आतड्याला सूज, जखम, गाठ असं काहीच दिसत नाही, तेव्हा हे नाव दिलं जातं. नावात साम्य असलेला आयबीडी वेगळा. त्यात आतड्याला खरोखर दाह होतो, व्रण पडतात.

आयबीएसमागे रेटसारखं एखादंच बिघडलेलं जनुक नसतं. असतात ते शेकडो बारीकसारीक फरक, आणि प्रत्येकाचा वाटा नखाएवढा. असे फरक हुडकायचे तर प्रचंड गर्दी लागते. 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयबीएस असलेले ५३,४०० लोक आणि तो नसलेले ४ लाख ३३ हजारांहून अधिक लोक यांची जनुकीय अक्षरं ताडून पाहिली गेली. बरीचशी माहिती 'यूके बायोबँक' या ब्रिटिश साठ्यातली होती. हाती आलेले निष्कर्ष दुसऱ्या एका, त्याहून मोठ्या गटावर पुन्हा तपासले गेले. त्यातून आयबीएसशी जोडलेल्या, जनुकीय मजकुरातल्या सहा जागा पक्क्या ठरल्या.

सहाच! पण त्या कुठे आहेत ते पाहण्यासारखं आहे. पचनरसाचं, आम्लाचं किंवा अन्न शोषून घेण्याचं जनुक असेल असा कुणाचाही अंदाज असता. चार जागी मात्र चेतापेशींशी संबंधित जनुकं निघाली. एनकॅम१ आणि कॅडम२ ही दोन जनुकं चेतापेशी एकमेकींना आणि आजूबाजूला चिकटून राहण्यासाठीची प्रथिनं बनवतात. डॉक९ चेतापेशींच्या फांद्या फुटण्याच्या कामात आहे. आधीच्या अभ्यासांत चिंता, नैराश्य, अस्वस्थ स्वभाव यांच्या संदर्भात हीच नावं आलेली होती.

मग संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली, तिला जनुकीय सहसंबंध म्हणतात. दोन विकारांमागच्या बारीक जनुकीय फरकांची दिशा किती जुळते, हे उणे एक ते एक या मापावर सांगायचं. काहीच जुळत नसेल तर शून्य, तंतोतंत जुळत असेल तर एक, अगदी उलटी असेल तर उणे एक. आयबीएस आणि चिंता, आयबीएस आणि नैराश्य यांच्यात हा आकडा ०.५ च्या थोडा पुढे आला. बातम्यांचे मथळे निघाले ते या आकड्यावरून.

वायरिंगचा दोष कळा कशा आणतो, याची एक शक्यता आवाजाच्या बटणासारखी आहे. आतड्यात वायू किंवा मळ सरकला की भिंत ताणली जाते आणि नसा वर निरोप धाडतात. बहुतेकांच्या मेंदूत तो 'दखल घ्यायचं कारण नाही' म्हणून बाजूला पडतो. काहींचं बटण जन्मतःच थोडं वर फिरवलेलं असतं, मग तोच साधा ताण कळ म्हणून जाणवतो. दुर्बिणीतून आतड्याची भिंत दिसते, बटण कुठे आहे ते दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल येतो त्यात खोटं काही नाही. तपासणी भिंतीची झालेली असते.

## "म्हणजे काळजीमुळेच पोट बिघडतं, हेच ना?"

नाही. इमारतीतला दिवा आणि पंखा आठवा. एकाच खेपेतली वायर दोन्हीकडे गेली म्हणून दोन्ही अडखळतात. सामाईक जनुकांचा पहिला आणि सरळ अर्थ एवढाच. २०२१ च्या त्या अभ्यासातल्या संशोधकांनीही हे मुद्दाम स्पष्ट केलं, कारण मथळे कसे निघणार याचा त्यांना अंदाज असावा.

अर्थात खऱ्या शरीरात दिवा आणि पंखा एकमेकांना जोडलेलेही असतात. चिंतेने पोट बिघडू शकतं, बिघडलेल्या पोटाने चिंता वाढू शकते. कोण आधी, हे पाहायला ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० लोकांवर वर्षभर नजर ठेवली गेली. ज्यांना पुढे दोन्ही त्रास झाले, त्यांच्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांत मनाचा त्रास आधी होता. उरलेल्या दोन तृतीयांशांत पोट आधी बिघडलं होतं. प्रसंगाप्रसंगाला शौचालय कुठे आहे ते शोधत फिरणाऱ्या माणसाला चिंता लागणार नाही तर काय होणार?

'मनाचे खेळ' म्हणून मोकळं होण्याचा मोह जुना आहे आणि तो महागात पडलेला आहे. जठरातल्या व्रणांना, म्हणजे अल्सरला, कित्येक दशकं ताणतणाव आणि आम्ल कारण धरलं जायचं. आम्ल कमी व्हावं म्हणून व्हेगस नस कापण्याची शस्त्रक्रियासुद्धा होत असे. मग १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरच्या रुग्णांच्या जठरातून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वेगळा काढला. लोक विश्वास ठेवेनात, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतःच पिऊन दाखवला आणि आठवड्याभरात जठराला सूज आणली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आयबीएसमागे असा एखादा जिवाणू दडलाय असं मला म्हणायचं नाही. रिपोर्टमध्ये काही दिसत नाही, म्हणजे दोष रुग्णाच्या स्वभावात, ही उडी मारू नये.

## "आईला आहे, म्हणजे मलाही होणार?"

होण्याची शक्यता थोडी वाढते. किती ते जुळ्यांवरून कळतं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास शंभर टक्के सारखी, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची सरासरी निम्मी. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२००१) एकाला आयबीएस असेल तर एकसारख्या दुसऱ्या जुळ्यालाही असण्याचं प्रमाण १७ टक्के निघालं, वेगळ्या जुळ्यांत ८ टक्के. १७ आणि ८ मधला फरक जनुकांचं अस्तित्व दाखवतो. पण उलट बाजूने बघा: जनुकं सगळी सारखी असूनही १०० पैकी ८३ जणांच्या जुळ्या भावंडाला हा त्रास नव्हता.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला ती जास्त रंजक वाटते. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडाशी आपली निम्मी जनुकं जुळतात, आईशीही निम्मीच. तरीही आयबीएस असलेल्या माणसाच्या जुळ्या भावंडापेक्षा त्याच्या आईला तो असण्याचं प्रमाण जास्त होतं. याचं स्पष्टीकरण फक्त जनुकांतून मिळत नाही. पोटाच्या तक्रारीकडे घरात कसं पाहिलं जातं, दुखलं की काय केलं जातं, हे मूल बघत बघत शिकतं. खाण तशी माती म्हणताना आपण मातीवर झालेले संस्कार विसरतो.

२०२१ च्या अभ्यासाच्या हिशेबात, मोजता आलेल्या सामान्य जनुकीय फरकांचा आयबीएसमधला वाटा सुमारे ६ टक्के भरला. बाकीच्यात आतड्याचे जंतुसंसर्ग, प्रतिजैविकं, लहानपणचे अनुभव, झोप, ताण असं बरंच काही येतं.

याला अपवाद आहेत. हृदयाच्या ठोक्यासाठी लागणारी सोडियमची एक झडप असते, तिचं जनुक एससीएन५ए. ही झडप आतड्याच्या स्नायूंतही असते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयबीएसच्या ५८४ रुग्णांपैकी १३ जणांत, म्हणजे सुमारे २ टक्के लोकांत, या जनुकात बिघाड सापडला. त्यातल्या एका बद्धकोष्ठतेच्या रुग्णाला हृदयाची लय सुधारणारं औषध दिल्यावर पोट साफ होऊ लागलं. एका रुग्णावरून औषधोपचार ठरत नाहीत. पण 'आयबीएस' या एका पिशवीत कितीतरी निरनिराळे आजार कोंबलेले असू शकतात, हे त्यातून दिसतं.

## पार्किन्सनचं नाव इथे का येतं?

हाताला कंप, चाल मंद, चेहरा भावहीन, अशी ओळख असलेल्या या आजाराचं वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केलं, तेव्हाच त्यांनी रुग्णांच्या बद्धकोष्ठतेची नोंद केली होती. आज माहीत आहे की अनेक रुग्णांत बद्धकोष्ठता कंपाच्या कित्येक वर्षं आधी येते. या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूत साचतात, आणि तशाच त्या आतड्याच्या चेतापेशींतही सापडतात. जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ मध्ये कल्पना मांडली की काही रुग्णांत सुरुवात आतड्यात होऊन आजार व्हेगसच्या वाटेने वर चढत असावा. अल्सरसाठी व्हेगस पूर्ण कापलेल्या जुन्या रुग्णांच्या नोंदी डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये तपासल्या गेल्या, तर त्यांच्यात पार्किन्सन थोडा कमी दिसला. हा पुरावा सूचक आहे. वाद अजून मिटलेला नाही.

जनुकांच्या बाजूनेही एक दुवा आहे. एलआरआरके२ हे पार्किन्सनशी जोडलेलं प्रसिद्ध जनुक. क्रोन्स म्हणजे आयबीडीचा एक प्रकार. या जनुकातला एक फरक क्रोन्स आणि पार्किन्सन दोन्हींचा धोका वाढवतो आणि दुसरा एक फरक दोन्हींचा धोका कमी करतो, असं २०१८ मध्ये दिसून आलं. हे जनुक प्रतिकारशक्तीच्या पेशींतही काम करतं, त्यामुळे इथे सामाईक धागा दाहाचा असू शकतो. अल्झायमर आणि पोटाच्या काही विकारांतही सामाईक जनुकीय जागा आहेत, हे ऑस्ट्रेलियातल्या एडिथ कोवन विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात आढळलं. मात्र एकामुळे दुसरा होतो, याचा पुरावा त्यात मिळाला नाही.

बद्धकोष्ठता असलेल्या वाचकाने हा भाग वाचून घाबरू नये. बद्धकोष्ठता अगदी सर्रास आढळते, पार्किन्सन त्या मानाने विरळ. ज्यांचं पोट साफ होत नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांना पार्किन्सन कधीच होत नाही.

## मग जनुकीय चाचणी करावी का?

आयबीएससाठी करू नये. नखाएवढ्या वाट्याच्या फरकांवरून एकट्या माणसाचं काहीही सांगता येत नाही. घरी लाळेचा नमुना घेऊन 'तुमच्या आतड्याचा जनुकीय अहवाल' देणाऱ्या जाहिराती दिसतात. त्यातून आयबीएसचं निदानही होत नाही आणि उपचारही ठरत नाहीत. हिर्शस्प्रुंगचं मात्र वेगळं आहे. तिथे, विशेषतः घरात आधी कुणाला आजार असेल किंवा आतड्याचा लांब पट्टा कोरा असेल, तर जनुकीय सल्ला घेण्यात अर्थ आहे.

आणि हे सगळं वाचून शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रक्तक्षय, पोटाच्या त्रासाने रात्री झोपेतून जाग येणं किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच बदललेल्या शौचाच्या सवयी, यांना 'नसांचं काहीतरी असेल' म्हणून घरी बसवून ठेवू नका. त्यासाठी तपासण्याच लागतात.

## "मग डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी का लिहून दिली?"

हा प्रश्न खूप जण विचारतात, बहुधा दुखावलेल्या आवाजात. चिठ्ठीवरचं नाव इंटरनेटवर शोधलं की 'नैराश्यावरील औषध' असं येतं आणि माणसाला वाटतं, यांनीही मला वेडंच ठरवलं. अनेकजण गोळी सुरूच करत नाहीत.

यातलं एक जुनं औषध अमिट्रिप्टिलिन. नैराश्यासाठी ते बहुधा ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिलं जातं. आयबीएससाठी १० पासून सुरुवात करतात आणि ३० च्या आसपास थांबतात. इंग्लंडमध्ये नेहमीच्या उपायांनी आराम न पडलेल्या ४६३ रुग्णांवर या कमी डोसची चाचणी झाली आणि ती २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कुणाला कोणती, हे रुग्णालाही माहीत नाही. सहा महिन्यांनी खरी गोळी घेणाऱ्यांनी पोटाला बरं वाटल्याचं सांगण्याची शक्यता स्पष्टपणे जास्त होती. चिंता आणि नैराश्याची मापंही दोन्ही गटांत घेतली होती. त्यात फरक पडला नव्हता. गोळीने मन सुधारून पोट सुधारलं असतं, तर ती मापं आधी हलायला हवी होती. ती होती तिथेच राहिली आणि कळा कमी झाल्या.

पुढच्या वेळी अशी चिठ्ठी हातात पडली तर डॉक्टरांना एवढंच विचारा, "ही गोळी माझ्या पोटाच्या नसांसाठी आहे का, आणि डोस किती?" तोंड कोरडं पडेल, सकाळी थोडी सुस्ती वाटेल, हे तेव्हाच विचारून घ्या. म्हणूनच ती रात्री झोपताना घ्यायला सांगतात.